ॲम्बॅसिडरला पॉवर स्टिअरिंग बसवायचंय, सुरक्षितपणे कसं करावं? (सोलापूर)

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८४ ची ॲम्बॅसिडर आहे. मार्क ४, पेट्रोल, १४८९ सीसी, हातगिअर (गिअरची दांडी स्टिअरिंगजवळ). वडिलांनी नवी घेतलेली, आजवर दुसऱ्या कुणाच्या नावावर गेलेली नाही. वडील आता ७४ वर्षांचे आहेत. दर गुरुवारी स्वतः गाडी चालवत अक्कलकोटला जायचं हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. गेल्या वर्षी उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि नेम मोडला. हायवेवर ते आजही माझ्यापेक्षा चांगली चालवतात. पण नवी पेठेत गाडी लावायची किंवा देवळाजवळच्या गर्दीत वळवून घ्यायची म्हटलं की खांदा धरून बसतात.

नवीन छोटी गाडी घेऊ म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणून याच गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवायचा विचार आहे. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "मारुतीचा इलेक्ट्रिक कॉलम कापून तुमच्या रॉडला वेल्ड करतो, दोन दिवसांत गाडी घेऊन जा." कॉलम म्हणजे स्टिअरिंगच्या चाकापासून खाली जाणारा दांडा. त्या "वेल्ड करतो"नं माझ्या पोटात गोळा आला. ब्रेक गेला तर हँडब्रेक तरी असतो. स्टिअरिंग सुटलं तर काय?

कुणी केलंय का? हायड्रॉलिक बरं की इलेक्ट्रिक? स्पष्ट सांगा.

गड्डा_जत्रा
दोन दिवसांत? आमच्याकडे चादरीला किनार शिवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो ओ. त्या गॅरेजच्या वाटेला जाऊ नका.

सात_रस्ता
माझं मत सगळ्यांना आवडणार नाही, तरी सांगतो. करूच नका. चाळीस वर्षं एका घरात राहिलेली, एकदाही न कापलेली ॲम्बॅसिडर सोलापुरात किती उरल्यात? गिरण्या जोरात होत्या तेव्हा पार्क चौकात पांढऱ्या ॲम्बॅसिडरची रांग लागायची. लक्ष्मी-विष्णूचे साहेब लोक, डॉक्टर, व्यापारी. आता लग्नाच्या वरातीत एखादी दिसते. त्या गाड्या जड होत्या म्हणून कुणी चालवायच्या सोडल्या नाहीत.

होटगीरोडकर
@सात_रस्ता, तुमची कळकळ समजते. पण गाडी शेडमध्ये जपून ठेवायची आणि वडिलांनी खिडकीतून तिच्याकडे बघत बसायचं, हे मला बघवत नाही.

जुना_फिटर
होटगीरोडकर, तुमच्या प्रश्नाआधी माझे दोन प्रश्न. टायर कुठले आहेत? आणि किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिला, शेवटचं ग्रीस कधी मारलं?

मी एकतीस वर्षं गाड्यांखाली झोपलोय. "स्टिअरिंग जड आहे" म्हणून आलेल्या दहा जुन्या गाड्यांपैकी निम्म्यांचं स्टिअरिंग जड नसतंच, चिकटलेलं असतं. पॉवर स्टिअरिंग हा जड स्टिअरिंगवरचा उपाय आहे, चिकटलेल्यावरचा नव्हे. चिकटलेल्यावर मोटर बसवली तर मोटर जोर लावून त्याला ओढत राहते आणि जे झिजलंय ते आणखी झिजतं. वर बसणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, कारण हाताला सगळं हलकं लागतं. मला धोका वाटतो तो इथे.

एक काम करा, फुकटचं आहे. पुढची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, खाली पक्के स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. चाकं हवेत असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. दोन बोटांनी फिरलं तर दोष टायर, हवा आणि वजनाचा. हवेतही जड लागलं तर आत काहीतरी धरतंय. मग दोन्ही टायरॉड एंड, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची टोकं, सोडवा. आता एकटा रॅक, म्हणजे त्या दांड्या सरकवणारी दातेरी पट्टी, फिरवा, मग एकेक चाक हाताने वळवून बघा. जे अडतं ते स्वतःच सांगतं.

ॲम्बॅसिडरला रॅक-पिनियन आहे, पुष्कळ लोकांना हे ठाऊक नसतं. मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचाच वारसा. त्या जुन्या रॅकमध्ये तेल असतं. रॅकच्या टोकाचे रबरी बूट फाटले की तेल गळून जातं आणि आपली सोलापुरी धूळ आत शिरते. मग आतून कांडण चालू. बूट दाबून बघा. चिरलेले असतील तर पुढचं सगळं नंतर.

आणि किंगपिनला ग्रीस मारताना चाक उचललेलंच हवं. वजन जमिनीवर असताना मारलं तर ज्या बाजूवर भार आहे तिथं ग्रीस पोचतच नाही, दुसऱ्या बाजूने बाहेर येतं. निप्पलमधून जुनं काळं ग्रीस जाऊन नवं दिसेपर्यंत मारायचं.

बार्शीची_लेक
फिटरकाकांना +१. माझ्या सासऱ्यांच्या जीपचं असंच झालं होतं. चारशे रुपयांच्या ग्रीसने काम झालं.

होटगीरोडकर
@जुना_फिटर काका, टायर रेडियल आहेत. तीन वर्षांपूर्वी टाकले, मूळ मापापेक्षा रुंद. ग्रीसचं विचाराल तर मला सांगता येत नाही, म्हणजे उत्तर तुम्हाला कळलंच. रविवारी जॅकवर घेतो.

जुना_फिटर
रुंद रेडियल! अर्धं उत्तर तिथंच आहे. ही गाडी ५.९०-१५ च्या अरुंद, जुन्या धर्तीच्या क्रॉसप्लाय टायरसाठी बनलेली. रुंद रेडियल उभ्या जागी रस्त्याला चिकटून बसतं. त्यात हवा दोन-चार पौंड कमी असली की वडिलांच्या खांद्याचं काय होत असेल ते मी समजू शकतो.

एमआयडीसीवाला
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मोटर आणि पॅनेलचं काम करतो, म्हणून इलेक्ट्रिकचं तेवढं सांगतो.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये कॉलमच्या मधोमध एक बारीक पीळ खाणारी दांडी असते. तुम्ही स्टिअरिंगचं चाक फिरवलं की ती किंचित पिळते, सेन्सर तो पीळ मोजतो आणि कंट्रोलर त्या प्रमाणात मोटरला करंट देतो. कारमध्ये हे पहिल्यांदा आणलं सुझुकीने, १९८८ मध्ये सर्व्हो या छोट्या गाडीत. मारुतीच्या जुन्या कॉलमवर लोकांचा डोळा असतो तो त्यामुळेच. आटोपशीर आहेत आणि भंगारात मिळतात.

आता अडचणी. पहिली, करंट. उभ्या जागी पूर्ण वळवताना अशी मोटर क्षणभर ३० ते ५० अँपिअर मागते. तुमच्या गाडीत डायनामो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर, असेल तर तो सगळा मिळून वीस-पंचवीसच्या आसपास देतो आणि स्लो रेसवर त्याहून खूपच कमी. म्हणजे दिवे लावून बाजारात गाडी वळवताना बॅटरी बसणार. आधी त्याच्या जागी जास्त करंट देणारा अल्टरनेटर टाका. बॅटरीपासून मोटरला स्वतंत्र जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि अर्थची जागा घासून पक्की केलेली. जुन्या वायरिंगमधून फाटा काढू नका.

दुसरी, पोलॅरिटी. जुन्या ब्रिटिश धर्तीच्या काही गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीची प्लस तार बॉडीला जोडलेल्या, असत. बॅटरीची कुठली तार बॉडीला आहे ते डोळ्यांनी बघा. उलट जोडलं तर कंट्रोलर तिथंच जळतो.

तिसरी, वेगाचा सिग्नल. कंपनीच्या गाडीत कंट्रोलरला वेग कळतो, म्हणून तो उभ्या जागी भरपूर मदत करतो आणि ८० वर हात काढून घेतो. तुमच्या गाडीत हा सिग्नल नाही. सिग्नल मिळाला नाही तर काही युनिट मदत बंद करतात, काही ठरावीक मदतीवर अडकतात. हायवेवर स्टिअरिंग लोण्यासारखं झालं तर ते जड स्टिअरिंगपेक्षा वाईट. म्हणून गाडीत बसवायच्या आधी टेबलावर जोडून बघायचं.

चौथी खास तुमची. हातगिअर! गिअरची दांडी कॉलमलाच लागून खाली जाते. मोटरचा डबा नेमका तिथंच येतो. या भानगडीचा विचार न करता जो "दोन दिवसांत" म्हणतो त्याने गाडीत डोकं घालून बघितलेलंच नाही.

डिझेलअण्णा
मी ट्रकवाला, मला हायड्रॉलिकच पटतं. इंजिन पंप फिरवतं, पंप तेलाला दाब देतो, तेल रॅकला ढकलतं. डोकं नाही, सेन्सर नाही. बिघडलं तर तेल गळताना दिसतं, आवाज येतो, आधी सांगून बिघडतं. अमेरिकेत क्रायस्लरने १९५१ मध्ये इंपीरियल गाडीला हेच दिलं होतं. सत्तर वर्षं टिकलेली चीज आहे. नंतरच्या काळातल्या ॲम्बॅसिडरला कंपनीचं पॉवर स्टिअरिंग येत होतं, तोच रॅक शोधा.

जुना_फिटर
अण्णा, तुमचं बरोबर आहे, पण ते इंजिन वेगळं होतं. पंपाचं ब्रॅकेट आणि पुली यांच्या या १४८९ च्या इंजिनवर आहे कुठे? ब्रॅकेट घरी बनवलं आणि अर्ध्या मिलिमीटरने वाकडं बसलं की बेल्ट उडतो. त्याच बेल्टवर पंखा आणि वॉटर पंप ठेवला तर मे महिन्यात, ४३ डिग्रीत, तुळजापूरच्या घाटात स्टिअरिंगही जाईल आणि इंजिनही उकळेल. वेगळ्या पुलीवर वेगळा बेल्ट पाहिजे. शिवाय दाबाची नळी गरम सायलेन्सर पाइपापासून लांब न्यायची, कारण फुटून तेल त्यावर उडालं तर पेट घेतं. नळी प्रेस केलेल्या टोकांचीच, क्लिप आवळलेली साधी रबरी नळी कधीच नको. त्या लाइनमध्ये सत्तर-ऐंशी बारचा दाब चढू शकतो.

डिझेलअण्णा
नळीचं बरोबर बोलला. क्लिपवाली नळी फुटून बॉनेटखाली तेलाचा फवारा उडालेला मी बघितलाय. आग लागली नाही, एवढंच.

सात_रस्ता
म्हणजे सगळे मिळून माझंच म्हणणं सिद्ध करताय की करू नका!

खरादवाला
वेल्डिंगवर बोलायलाच पाहिजे म्हणून लॉगिन केलं.

स्टिअरिंगचे दोन रॉड टोकाला टोक लावून वेल्ड करणं म्हणजे माणसाचा जीव त्या एका शिवणीवर टांगणं. वरून शिवण कितीही सुंदर दिसली तरी आत किती उतरली ते कळत नाही. शिवणीच्या बाजूचं पोलाद तापून कडक होतं आणि रोजच्या पिळाने तिथंच बारीक तडा जातो. तुटताना आवाजही करत नाही.

बरोबर पद्धत अशी. दोन्ही टोकांना उभ्या खाचांची, म्हणजे स्प्लाइनची, मापं घ्यायची आणि त्या मापाचे तयार युनिव्हर्सल जॉइंट लावायचे. जॉइंटचा बोल्ट रॉडवरच्या खाचेतून आडवा गेला पाहिजे, म्हणजे बोल्ट ढिला झाला तरी रॉड निसटत नाही. दोन जॉइंट असतील तर त्यांचे काटे एका रेषेत हवेत, नाहीतर चाक फिरवताना एकदा हलकं, एकदा जड असं लागतं. जॉइंटचा कोन जितका कमी तितकं बरं, ३० डिग्रीच्या पुढे जाऊच नका. तीन जॉइंट आले तर मधल्या रॉडला बेअरिंगचा आधार हवाच.

टायरॉडचे हात, चाकाचे आर्म हे घडीव लोखंड असतं. गॅसने तापवून वाकवायचं नाही, "थोडंसंच" म्हणून पण नाही. आणि सेन्सर असलेल्या कॉलमवर कुठंही वेल्डिंगची ठिणगीसुद्धा नको.

अजून एक. मोटर रॉडला फिरवते तेव्हा तिचं स्वतःचं अंग उलट्या बाजूला फिरू बघतं. तो जोर ब्रॅकेटवर येतो. ब्रॅकेट डॅशबोर्डच्या पातळ पत्र्यावर मारलं तर सहा महिन्यांत पत्रा फाटतो. आतल्या आडव्या चॅनेलला आणि फायरवॉलला, दोन्हीकडे धरायचं.

गड्डा_जत्रा
खरादवाले दादा, "ठिणगीसुद्धा नको" हे वाक्य त्या गॅरेजच्या दारावर रंगवून लावायला पाहिजे.

पद्मिनीवाली
मी हे केलंय म्हणून सविस्तर लिहिते. गाडी १९८९ ची प्रीमियर पद्मिनी. आधीच्या मालकाने गिअर खाली आणलेला होता, त्यामुळे हातगिअरची अडचण मला आली नाही. आईला मनगटाचा संधिवात, म्हणून इलेक्ट्रिक बसवलं.

पहिल्यांदा ज्याच्याकडे काम दिलं त्याने काम झाल्याझाल्या गाडी हातात दिली. आठवडाभर स्वर्ग! मग एक दिवस विजापूर वेशीतून वळताना मदत अचानक गेली. चाक जड झालं, इतकं की क्षणभर वाटलं स्टिअरिंग लॉक झालं. वेग कमी होता, समोर कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. कारण निघालं एक वायर. पेडलच्या दांडीवर घासून सोलली गेली होती आणि फ्यूज उडाला होता.

त्यानंतर सगळं उतरवून पुन्हा केलं आणि या वेळी मी स्वतः शेजारी उभी राहिले. मुख्य धडा असा की मदत जाणार आहे हे धरूनच चालायचं. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी जी व्यक्ती गाडी चालवते तिला ती हातांनी वळवता आली पाहिजे. म्हणून आम्ही मोकळ्या मैदानात फ्यूज काढून आईला गाडी चालवायला लावली. आधी थांबून, मग २० च्या वेगात आठचा आकडा काढत. तिला जमलं, तेव्हाच रस्त्यावर नेली. युरोपच्या नियमातही हाच विचार आहे. कारचं स्टिअरिंग चालू असताना हाताला १५० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागू नये आणि मदत बंद पडल्यावर ३०० च्या वर जाऊ नये. ३०० न्यूटन म्हणजे ढोबळ ३० किलो. वडिलांना खांद्याने ३० किलो ओढता येणार आहेत का, याचा विचार करा.

दुसरं, मोटर बसल्यापासून वळणानंतर स्टिअरिंग सोडलं की ते आपोआप सरळ येणं कमी झालं. हाताने चालणाऱ्या गाड्यांत कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) कमी ठेवतात, म्हणजे वळवायला हलकं पडतं. मदत आल्यावर कॅस्टर थोडा वाढवून घेतला आणि टो-इन (पुढची चाकं किती आत वळलेली आहेत ते) पुन्हा जुळवलं, मग ठीक झालं. अलाइनमेंटच्या मशीनवर पुन्हा गेल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नका.

एमआयडीसीवाला
ताई, फ्यूज काढून बघायची कल्पना उत्तम. एक भर घालतो. कंट्रोलरचा इशारा देणारा दिवा असतो, तो डॅशबोर्डवर काढून घ्या. बरेच जण तो जोडतच नाहीत.

फिजिओ_ताई
खांद्याच्या ऑपरेशननंतरच्या लोकांसोबत रोज काम करते. कुठलं ऑपरेशन होतं ते माहीत नसल्यामुळे वडिलांच्या सर्जनना विचारून घ्या, ते पहिलं. पण सर्वसाधारण दोन गोष्टी. गाडी उभी असताना स्टिअरिंगचं चाक फिरवायचं नाही. अगदी मुंगीच्या वेगाने का होईना, ती सरकत असताना फिरवायचं. जोर एकदम उतरतो. दुसरं, सीट पुढे घ्या. जुने चालक सीट मागे सरकवून हात लांब करून चालवतात, त्यात खांदा सगळ्यात जास्त ताणला जातो. कोपर वाकलेलं हवं.

कायदेकानून
कागदपत्रांचं कुणीच बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात असलेल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावलं. आरसीवर स्टिअरिंगचा प्रकार सहसा लिहिलेला नसतो, तरी "लिहिलेलं नाही म्हणजे चालतं" असं गृहीत धरू नका. आधी आरटीओत लेखी विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघात झाला आणि न कळवलेला बदल सापडला तर दावा अडकू शकतो. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागतेच.

@सात_रस्ता, तुमच्यासाठी: २०२१ च्या विंटेज नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नसावेत ही अट आहे. होटगीरोडकरांची गाडी २०३४ मध्ये त्यात बसेल. म्हणून जे काही कराल ते बोल्टवर करा, काहीही कापू नका, मूळ कॉलम तेल लावून पेटीत ठेवा.

सात_रस्ता
हे पटलं. परत काढता येईल असं असेल तर माझा विरोध मागे. काकांनी गाडी चालवली पाहिजे, हेही तितकंच खरं.

बार्शीची_लेक
विषयांतर, पण हुरड्याच्या दिवसांत एका ॲम्बॅसिडरमध्ये आम्ही नऊ जण शेतावर जायचो. पुढे चार, मागे पाच. हातगिअर असल्यामुळे पुढच्या सीटवर मधोमध मी बसायचे.

डिझेलअण्णा
नऊ म्हणजे थोडेच की. आम्ही गड्ड्याच्या जत्रेला अकरा गेलोय.

होटगीरोडकर
दोन महिन्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. सगळ्यांचं वाचून कागदावर क्रम लावला आणि तसंच गेलो.

आधी जोर मोजला. भाजीवाल्याकडे असतो तसा लटकता ताणकाटा स्टिअरिंगच्या चाकाच्या कडेला बांधून ओढला. फरशीवर, इंजिन चालू, गाडी उभी. १७ किलोवर चाक हललं.

मग जॅकवर. हवेतही जड! टायरॉड एंड सोडवले. रॅक ठीक निघाला, पण एक बूट चिरलेला आणि तेल जवळजवळ संपलेलं. उजवं चाक हाताने वळेचना. किंगपिन गंजून बुशला, म्हणजे त्याच्या भोवतीच्या धातूच्या नळीला, धरलेला होता. म्हणजे फिटरकाकांनी न बघता सांगितलेलं सगळं खरं निघालं. दोन्ही बाजूंचे किंगपिन-बुश नवे टाकले, बुश रीमरने मापात घेतले, दोन्ही बूट आणि रॅकचं तेल बदललं, टायरॉड एंडही बदलले. रुंद टायर काढून मूळ मापाच्या जवळचे घातले, हवा भरली, अलाइनमेंट केली.

पुन्हा ताणकाटा. उभ्या जागी १० किलो. गाडी सरकत असताना ४ च्या आसपास.

जुना_फिटर
सतरावरून दहा! आणि एकाही रॉडला हात लावला नाही. जीव भरून आला बघा.

पद्मिनीवाली
फारच छान. मग मोटरचं काय ठरलं?

होटगीरोडकर
मोटर घेऊन ठेवली आहे. एमआयडीसीवाल्या दादांच्या टेबलावर जोडून बघितली, वेगाचा सिग्नल काढला की हे युनिट मदत बंद करतं. अल्टरनेटर बसवून झाला. पण हातगिअरच्या दांडीतून वाट काढताना कुठंतरी कापावंच लागतंय, आणि कापायचं नाही हे ठरलंय. खरादवाले दादा मूळ भोकांवर बोल्ट होणारं ब्रॅकेट काढून देतायत. ते बरोबर बसलं, तरच मोटर चढवायची. घाई नाही.

कारण परवा गुरुवारी वडील अक्कलकोटला जाऊन आले. सर्जनची परवानगी घेतली होती, फिजिओताईंनी सांगितल्याप्रमाणे सीट पुढे होती, मी शेजारी होतो. जाताना पूर्ण त्यांनी चालवली. देवळाजवळ वळवताना मी हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे, सरकतीये ना गाडी."

सात_रस्ता
होटगीरोडकर, माझ्याकडे मार्क ४ चा एक जुना कॉलम पडून आहे, हातगिअरच्या दांडीसकट. ब्रॅकेटची मापं त्यावर घ्या, तुमचा उतरवायची गरज नाही. रविवारी सात रस्त्याला येऊन घेऊन जा.

होटगीरोडकर
दादा, रविवारी दहा वाजता येतो. वडीलही येतायत, गाडी तेच आणणार आहेत.

खरादवाला
कॉलम मिळाला की सरळ माझ्याकडे आणा. व्हर्निअर घेऊन बसतो.